पिल्लू हातात घेण्याआधी



परीक्षा संपत आल्या की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो. मुले विचारतात, "सुट्टीत कुठे जायचे?" आणि मोठी माणसे खिसा चाचपतात. पूर्वी याचे उत्तर सोपे होते. गावी जायचे. आता पुष्कळांचे गावी घर राहिले नाही, आणि घर असले तरी त्यात माणूस राहिला नाही. चाळीत, झोपडपट्टीत, कामगार वसाहतीत वाढलेल्या आपल्या मुलांनी शेळी पाहिली ती एक तर पुस्तकात, नाही तर खाटकाच्या दुकानाबाहेर बांधलेली.

म्हणून शहरांच्या आसपास एक नवी सोय झाली आहे. तिला कृषी पर्यटन केंद्र म्हणतात. पैसे भरायचे, दिवसभर शेतात राहायचे, चुलीवरची भाकरी खायची, बैलगाडीत बसायचे आणि मुलांनी शेळ्या, ससे, कोंबडीची पिल्ले यांना हात लावायचा. आपल्याकडे हा प्रकार 2005 च्या सुमारास बारामतीकडच्या पळशीवाडीपासून रुजू लागला. पुढे 2020 साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. दुष्काळात पीक गेले तरी पाहुण्यांच्या चार पैशांवर शेतकऱ्याची चूल पेटते, ही यातली चांगली बाजू. ती आम्ही नाकारत नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्हीही असेच गेलो होतो. तिथे जे पाहिले ते तुम्हाला सांगावे असे वाटले, म्हणून या आठवड्याचे हे सदर.

आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाने सहल ठरवली. सहा कुटुंबे, लहानमोठी मिळून 27 माणसे. मोठ्यांना 700 रुपये आणि मुलांना 400. गटातल्या बायकांनी दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून ही रक्कम जमवली होती. कोणी धुणीभांडी करणारी, कोणी शिलाई मशीन चालवणारी, एक अंगणवाडीत मदतनीस. मुलांना एक दिवस मोकळी हवा मिळावी एवढीच सगळ्यांची इच्छा.

फक्त आमच्या शेजारच्या आजी यायला तयार नव्हत्या. वय सत्तरीच्या पुढे. त्या म्हणाल्या, "गोठा बघायला पैसं? म्या जलमभर लोकाच्या गोठ्यातलं शेण काढलं, कुणी शिळ्या भाकरीच्या वर काय दिलं न्हाई. आन् आता म्या पैसं भरून शेण बघू व्हय?"

बाकीच्या बायका हसल्या. आम्हाला मात्र हसू आले नाही. आजींचा प्रश्न वेडावाकडा नव्हता. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला गावातली जनावरे कशी आली हे आपण जाणतो. जिवंत असेपर्यंत जनावर मालकाचे, मेले की ओढायला आपले. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे निक्षून सांगितले, आणि आपल्या माणसांनी ते सोडले. उपाशी राहिले, पण सोडले. असे असताना आपल्याच लेकराबाळांनी पैसे देऊन पुन्हा गोठ्याकडे का जावे?

आम्ही आजींना एवढेच म्हटले, "आजी, आपण वेठ सोडली. शेळीनं आपलं काय वाकडं केलंय?"

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "शेळीनं न्हाई केलं. शेळीनं जगवलं." आणि सकाळी सहाला पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी बसपाशी उभ्या.

केंद्र चांगले होते. आंब्याची झाडे, शेणाने सारवलेले अंगण, विहिरीवर मोटेची नक्कल. नाश्त्याला पोहे. मुले तर सुटलीच. गोठ्यात दोन खिलार बैल, एक पंढरपुरी म्हैस, दहा-बारा उस्मानाबादी शेळ्या. आजींनी शेळ्यांकडे पाहताच त्यांची जात सांगितली. काळीभोर, लांब कानांची, बहुतेक वेळा जुळी करडे देणारी ही आपल्या मराठवाड्याची शेळी. भूमिहीन माणसाची ही खरी ठेव. पाच महिन्यांत विते, बांधावरच्या पाल्यावर जगते, अडीनडीला विकली तर शाळेची फी निघते.

अकराच्या सुमारास मुलांना एका पत्र्याच्या शेडमध्ये नेले. तिथे लाकडी खोक्यात कोंबडीची चाळीस-पन्नास पिल्ले होती. पिवळी, कापसाच्या गोळ्यासारखी. आमच्या बसखेरीज आणखी दोन बस आल्या होत्या. साठ-सत्तर मुले एकदम खोक्यावर पडली. तिथला कामगार तरुण पोरगा, तो बिचारा एकेकाच्या हातात पिल्लू देत होता. आईबाप फोटो काढत होते. खरे सांगायचे तर आम्हीही काढत होतो.

आमचा धाकटा नातू सहा वर्षांचा. त्याने पिल्लू दोन्ही हातांत घेतले, छातीशी धरले आणि तो हलेच ना. त्याच्या चेहऱ्यावर इतके समाधान आम्ही कधी पाहिले नव्हते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बघा ना, झोपलं."

पिल्लाची मान एका बाजूला पडली होती.

त्या कामगार पोराने चटकन ते काढून घेतले, पाठीमागच्या बादलीत टाकले आणि दुसरे पिल्लू नातवाच्या हातात ठेवले. सगळे इतक्या झटपट झाले की बहुतेकांना कळलेही नाही. आजींना कळले. त्यांनी जाऊन बादलीत पाहिले. आत आणखी तीन होती.

वाचकहो, पोराने पिल्लू दाबून मारले असे कोणी म्हणेल. पण त्याने गळा दाबला नव्हता, फेकले नव्हते, त्रास दिला नव्हता. त्याने ते मायेने घट्ट धरले होते. आणि नेमके तेच चुकले. आपल्या छातीखाली श्वासाचा एक पडदा असतो, तो खालीवर होतो. पक्ष्यांना तसा पडदा नसतो. ते छातीचे हाड पुढेमागे हलवून श्वास घेतात. म्हणून पक्ष्याची छाती चारी बाजूंनी मुठीत आवळली, तर चोच उघडी असूनही त्याला श्वास घेता येत नाही. लहान मुलाला हे कसे ठाऊक असणार? मोठ्यांनाही ठाऊक नसते. आम्हालाही ते नंतर एका पशुवैद्यक डॉक्टरांकडून कळले.

दुसरी गोष्ट उबेची. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असते. कोंबडी हे काम पंखाखाली घेऊन करते. खोक्यातल्या पिल्लांना ना कोंबडी होती, ना दिवा. आणि मार्चच्या दुपारी तापलेल्या पत्र्याखाली ऊब नाही, भट्टी होते. शिवाय पाण्याचे भांडे मुलांच्या गर्दीत लवंडले होते.

आजींनी तरुण कामगाराला विचारले, "बाळा, रोज किती जात्यात?"

तो खाली मान घालून म्हणाला, "रविवारी जास्त जातात, आजी. मालकांना सांगितलं तर म्हणतात, पाहुण्यांना पाहिजे."

आम्ही मालकांना भेटलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि स्पष्टच सांगितले, "ताई, दादा, हातात पिल्लू दिलं नाही तर लोक फोनवरच विचारतात, मग तुमच्याकडे आहे काय? ते शेजारच्या केंद्रात जातात. मी काय करू?"

हे उत्तर आमच्या जिव्हारी लागले. कारण त्यात खोटे काही नव्हते. बचत गटाने केंद्र निवडताना फोनवर आम्हीच विचारले होते, "मुलांना प्राणी हातात घेता येतात ना?"

दुपारी जेवण झाल्यावर मुले शेळ्यांकडे पळाली. कोणी ताटातला भात नेला, कोणी पोळ्या, कोणी बिस्किटे. तेव्हा आजी आडव्या झाल्या. शब्दशः आडव्या झाल्या, गोठ्याच्या दारात बसकण मारून. म्हणाल्या, "एक घास बी आत जाणार न्हाई."

मुले हिरमुसली. पण आजींचे म्हणणे शास्त्राला धरून होते. शेळी, मेंढी, गाय, म्हैस ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव चारा कुजवून पचवतात. त्यांना सवय असते पाल्याची, कडब्याची. तिथे एकदम भात, पोळी, धान्य, बिस्किटे पडली की पोटात आम्ल तयार होते, पोट गच्च होते आणि जनावर दोन दिवसांत दगावू शकते. एका मुलाने एक घास दिला तर काही होत नाही. पण रविवारी साठ मुलांनी साठ घास दिले तर? लग्नाच्या मांडवामागे उरलेला भात खाऊन शेळी मेली, ही गोष्ट आजींनी लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. ती शेळी त्यांच्याच आईची होती. त्या वर्षी आजींची शाळा सुटली, ती कायमची.

हे त्यांनी आम्हाला इतक्या वर्षांत कधी सांगितले नव्हते.

मग आजींनी मुलांना गोठ्याबाहेर सावलीत ओळीने बसवले. प्रत्येकाच्या हातात शेवरीची एकेक डहाळी दिली आणि सांगितले, "कुणी उठायचं न्हाई. हाका मारायच्या न्हाईत. डहाळी पुढं धरायची आन् गप ऱ्हायचं. तिला यायचं तर ती येईल."

पाच मिनिटे काहीच झाले नाही. शहरातल्या मुलांना पाच मिनिटे गप्प बसवणे म्हणजे केवढे काम, हे आयांना सांगायला नको. मग एक पाट पुढे आली. तिने वास घेतला, मागे गेली, पुन्हा आली आणि आमच्या नातवाच्या डहाळीचा एक एक पाला खुडून खाऊ लागली. आजींनी मुलांना दाखवले, बघा, शेळीला पुढचे वरचे दात नसतातच. ती खालच्या दातांनी आणि वरच्या कडक हिरडीने पाला तोडते. तिच्या डोळ्यातली बाहुली बघा, आपल्यासारखी गोल नाही, आडवी आहे. त्यामुळे मान न वळवता तिला दोन्ही बाजूंचे दूरवर दिसते. मागून गुपचूप जाऊन पकडले तर ती भिते, म्हणून समोरून, हळू जायचे. डोक्यावर थापटायचे नाही, मानेला आणि खांद्याला खाजवायचे.

पाऊण तास मुले तिथून हलली नाहीत. परत निघताना कोणीही पिल्लांच्या शेडकडे गेले नाही.

आता थोडे कामाचे बोलू. आपण सहलीला जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जरूर जावे. जनावराच्या अंगाची ऊब, वासराच्या जिभेचा खरखरीतपणा हे पुस्तकातून कळत नाही. पण पैसे भरण्याआधी पुढील गोष्टी विचाराव्यात.

1. पिल्ले, ससे हातात देतात का, आणि एका वेळी किती मुलांना? पाच-सहा मुलांची तुकडी, शेजारी जाणता माणूस, आणि मुलाने खाली बसून मांडीवरच्या टोपलीतल्या पिल्लाला एका बोटाने गोंजारायचे, अशी सोय असेल तर उत्तम. सशाला कान धरून कधीही उचलू देऊ नका. त्याचे पाठीचे हाड नाजूक असते. तो घाबरून मागचे पाय झाडतो आणि त्यात त्याचा कणा मोडू शकतो.

2. जनावरांना विसावा कधी मिळतो? माणसांपासून दूर, सावलीची, पाण्याची जागा प्रत्येक जनावराला हवी. बैलगाडीच्या फेऱ्यांबद्दल तर कायदाच आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 साली केलेल्या नियमांप्रमाणे जनावराला दिवसात 9 तासांपेक्षा जास्त आणि सलग 5 तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पारा 37 अंशांच्या वर जात असेल तिथे दुपारी 12 ते 3 या वेळात जुंपायला मनाई आहे. तेव्हा भर दुपारी बैलगाडीचा हट्ट आपणच धरू नये.

3. पिंजऱ्यात पोपट आहे का? आपला साधा हिरवा पोपट पाळणे, विकणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मोराचेही तसेच. पोपट खांद्यावर ठेवून फोटो काढण्याचे पैसे मागितले, तर देऊ नका आणि वनविभागाला कळवा.

4. हात धुण्याची जागा कुठे आहे? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या, शेळीच्या, वासराच्या अंगावर आणि शेणात जुलाब-उलटीचे जंतू असू शकतात. जनावराला हात लावल्यावर साबण आणि वाहते पाणी हवेच. नुसते ओले फडके पुरत नाही. हात धुतल्याशिवाय खाणे, बोट तोंडात घालणे, तान्ह्याची बाटली हाताळणे नको. पाच वर्षांखालची मुले, म्हातारी माणसे यांची विशेष काळजी घ्यावी. गरोदर भगिनींनी नुकत्याच व्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांजवळ जाऊ नये.

5. धारोष्ण दूध कौतुकाने देतात, ते पिऊ नये. कच्च्या दुधातून माणसाला दीर्घकाळ ताप आणणारा ब्रुसेलोसिस हा रोग होतो. दूध उकळून प्यावे.

6. कुत्रे, मांजर, माकड चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. रेबीज एकदा उलटला की त्यावर औषध नाही.

आणि एवढे पैसे भरणे ज्यांना जमत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. हात लावल्यानेच ओळख होते असे नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोली या गावी सकाळ-संध्याकाळ मोर शेतात उतरतात. ते मोकळे असतात. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे येतात आणि गावातले मच्छीमार होडीतून ते दाखवतात. त्यांना कोणी हात लावू शकत नाही, तरी मुले ते दृश्य विसरत नाहीत. याहून स्वस्त उपाय म्हणजे गावी कोणी मावशी, आत्या, चुलता शेळ्या राखत असेल, तर मुलांना चार दिवस तिथे पाठवा. मात्र नुसते पाहुणे म्हणून नाही. पाणी भरणे, पाला आणणे, संध्याकाळी करडे मोजून आत घेणे, ही कामे त्यांना करू द्या. जनावराची ओळख फोटोने होत नाही, त्याच्या चाऱ्यापाण्याची चिंता केल्याने होते. कामाच्या मोबदल्यात शिळी भाकरी देण्याचे दिवस आपण मागे टाकले. स्वखुशीने केलेल्या कामाची गोष्ट वेगळी.

परतीच्या बसमध्ये आजींनी मुलांना सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट सांगितली. बाण मारणाऱ्याचा पक्षी की वाचवणाऱ्याचा, ही आपल्या घराघरात सांगितली जाणारी गोष्ट. मुले ऐकता ऐकता झोपली. आमचा नातू मात्र जागा होता.

रात्री अंथरुणावर त्याने विचारले, "ते पिल्लू खरंच झोपलं होतं का?"

आम्ही क्षणभर विचार केला. हो म्हणणे सोपे होते. पण उद्या हेच मूल दुसरे पिल्लू तसेच छातीशी धरील. आम्ही त्याला खरे सांगितले. पिल्लू मेले, पण तू मारायला म्हणून धरले नव्हतेस. त्याला श्वास कसा लागतो हे आपल्या कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते आधी विचारायचे काम आम्हा मोठ्यांचे होते. तो रडला. बराच वेळ रडला. त्याच्या आईला वाटले, आम्ही उगाच सांगितले. कदाचित तिचेही बरोबर असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चाळीच्या नळाजवळ बसला होता. त्याने नारळाच्या करवंटीत पाणी भरून भिंतीच्या कडेला ठेवले होते आणि तीन हात मागे सरून, हात मांडीखाली दाबून, गप्प बसला होता. आम्ही विचारले, "काय करतोस रे?"

"चिमणीला यायचं तर ती येईल," तो म्हणाला.

बचत गटाने केंद्राच्या मालकांना सर्वांच्या सह्यांनिशी पत्र पाठवले आहे. त्यात तक्रार कमी आणि मागणी जास्त आहे. पिल्लांचे खोके बंद करा, त्याऐवजी आजींसारखी कोणी जाणती बाई मुलांजवळ बसवा, तिला तिचा पगार द्या, आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा येऊ आणि आणखी चार कुटुंबे आणू, असे लिहिले आहे. पाहुण्यांना काय पाहिजे हे पाहुण्यांनीच कळवायला नको का? उत्तर अजून आलेले नाही. आल्यावर याच सदरात कळवू.

तुम्ही अशा ठिकाणी गेला असाल तर तुमचा अनुभव आम्हाला जरूर लिहून कळवा. आणि या उन्हाळ्यात दाराशी, खिडकीत, गच्चीत पाण्याची एक करवंटी ठेवायला विसरू नका.